पार्किंगमधली येझदी आणि एक जुनी उधारी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘माझा छंद’ या सत्रात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



माझ्या आधी ज्या वहिनींनी बागेविषयी सांगितलं, त्यांच्याकडे दाखवायला फुलं होती. माझ्याकडे दाखवायला काळे हात आहेत. दहा मिनिटं मिळाली आहेत, ती संपली की घंटा वाजवा. घंटेच्या आवाजाची मला सवय आहे, बँकेत पस्तीस वर्षं काढली आहेत.

विषय आहे आपल्या पार्किंगमधली ताडपत्रीखालची मोटारसायकल. ए विंगच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी ती २००१ सालापासून उभी होती. मुलांनी तिच्यावर बसून लपाछपी खेळली, मांजरीने तिच्या सीटखाली तीनदा पिल्लं घातली. सप्टेंबर २०२४च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव झाला की बंद पडलेली सर्व वाहनं तीन महिन्यांत हलवावीत. ठराव योग्यच होता. जागा सगळ्यांची आहे. पण यादीत पहिलं नाव माझं होतं आणि मी गेल्याच महिन्यात निवृत्त झालो होतो. मी उभा राहिलो आणि रागाच्या भरात बोलून गेलो, “पुढच्या सभेपर्यंत गाडी चालू करून दाखवतो, नाहीतर माझ्या हाताने भंगारात देतो.” टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर सौ. म्हणाली, “तुम्हाला मिक्सरचं भांडं नीट बसवता येत नाही.”

गाडी माझ्या वडिलांची. येझदी २५०, १९७९ साली घेतलेली. वडील खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते आणि आम्ही कसबा पेठेत वाड्यात राहत होतो. तरुण मंडळींसाठी सांगतो, जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची गाडी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती साठच्या दशकात बनायला लागली आणि १९७३पासून तिथेच येझदी या नावाने निघू लागली. १९९६ साली तो कारखाना बंद झाला. एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन, आणि किक मारायचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो. ज्यांनी चालवली असेल त्यांना तो आवाज अजून ऐकू येत असेल.

मला वाटलं होतं, प्लग बदलू, कार्ब्युरेटर साफ करू, धूर निघेल आणि काम संपेल. सी विंगमधल्या काकांनी, जे पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले आहेत, खाली येऊन ब्लॉक उतरवला आणि कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली केला. टक्-टक् आवाज आला. काका म्हणाले, “तुमची क्रँक गेली आहे. सगळं इंजिन उघडावं लागेल.”

आता क्रँक म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

पिस्टन वर-खाली जातो आणि चाकाला पाहिजे गोल फिरणं. शिवणाच्या मशीनवर पाय मारताना पावडी वर-खाली होते आणि चाक गोल फिरतं, तसंच. मधे जो दुवा असतो तो कनेक्टिंग रॉड आणि जी फिरते ती क्रँक. येझदीचा पिस्टन ७५ मिलिमीटर प्रवास करतो. गाडी जोरात पळवली की इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ७५. तेवढ्या वेळा पिस्टन वर जाऊन, थांबून, परत खाली येतो. हा सगळा मार खातं ते क्रँकपिनवरचं, रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग.

कारच्या इंजिनात तेलाचा पंप असतो, तो या जागी दाबाने तेल पोचवतो. टू-स्ट्रोकला ती सोय नाही. पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्याच खोलीत शिरतात, तिथे दाबली जातात आणि मग वर सिलिंडरमध्ये जातात. त्या खोलीत तेल भरून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. वडिलांचा हिशेब लिटरला चाळीस मिलिलिटरचा. आपल्यापैकी ज्यांच्याकडे लूना, चेतक किंवा साताऱ्याला बनलेली प्रिया होती, त्यांना पंपावरचं ते छोटं माप आठवत असेल. त्या तेलाचा नुसता ओलावा बेअरिंगला मिळतो. एवढ्याशा तेलावर तग धरतात ते रोलर. पण रोलर बसवायचे तर रॉडचं टोक अखंड कडं असावं लागतं, कापून बोल्ट लावलेलं चालत नाही. आणि अखंड कडं ओवायचं तर क्रँक अखंड असून भागत नाही. म्हणून या क्रँक तुकड्यांच्या असतात. दोन जाड गोल फ्लायव्हील, त्यांना प्रत्येकी एक शाफ्ट आणि दोघांना जोडणारी एक पिन. ना वेल्डिंग, ना बोल्ट. पिन भोकापेक्षा काही शतांश मिलिमीटर मोठी ठेवायची आणि प्रेसखाली कित्येक टनांच्या दाबाने आत बसवायची. घट्टपणावरच सगळा कारभार. शतांश म्हणजे किती? आपल्या डोक्याचा केस साधारण सहा-सात शतांश असतो. माझ्या डोक्याचा नमुना आता देता येत नाही.

इंजिन उघडताना काकांनी पहिला दम दिला की दोन अर्ध्या केसिंगच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. तिथे ओरखडा गेला की हवा शिरते, पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, इंजिन तापतं. तेव्हा लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत, गरम करत, दोन संध्याकाळी घालवून केसिंग सुटलं आणि क्रँक हातात आली.

काका ती खिडकीपाशी घेऊन गेले. रॉड एका बाजूला सरकवून त्यांनी मला पिन दाखवली. ती निळी होती. स्टीलचं पातेलं गॅसवर रिकामं राहिलं की तळाला जो निळा-जांभळा रंग येतो ना, तोच. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की तसं निळं पडतं. काका म्हणाले, “हे इंजिन एकदा कधीतरी तेलाशिवाय चाललंय. कोणी केलं असं?”

मी म्हणालो, “काय माहीत.”

मला माहीत होतं. मंडळी, आता जे सांगतो ते मी चाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

जानेवारी १९८५. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांकडून गाडी मागून मित्राला मागे बसवून महाबळेश्वरला निघालो. कात्रज, खंबाटकी ओलांडून वाईला पेट्रोल भरलं. तेलाचे पैसे दिले असते तर स्ट्रॉबेरीला उरले नसते. टाकीत जुनं थोडं तेल असेलच असा विचार केला आणि पसरणीचा घाट चढायला लागलो. घाटाच्या मध्यावर गाडीने कुंथल्यासारखा आवाज केला आणि मागचं चाक जाम झालं. अर्ध्या तासाने इंजिन थंड झाल्यावर चाक सुटलं. उतारावरून न्यूट्रलमध्ये वाईला आलो आणि भाजीच्या ट्रकमध्ये गाडी घालून पुण्याला.

वडिलांना मी सांगितलं की तेल घातलं होतं. महिन्यापूर्वीच आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने रिंगा बदलल्या होत्या. वडिलांनी निष्कर्ष काढला की त्यानेच पिस्टन घट्ट बसवला. मी गप्प राहिलो. वडील शुक्रवार पेठेत त्याच्या गॅरेजवर गेले, सगळ्यांसमोर बोलले. मिस्त्रीने ब्लॉक बोअर करून, पुढच्या मापाचा पिस्टन घालून गाडी परत दिली, पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, “साहेब, क्रँक पण एकदा उघडून बघू.” वडिलांना वाटलं, हा आता पैसे काढतोय. त्यांनी त्याच्याकडे जाणं सोडलं. फॅक्टरीतले त्यांचे सात-आठ सहकारी गाड्या तिथेच लावायचे, त्यांनीही सोडलं. पुढे चार-पाच वर्षं गाडी कटकट आवाज करत चालली आणि मग कायमची उभी राहिली. वडील २००९ साली गेले. माझी सांगायची हिंमत झाली नाही ती नाहीच.

तर ती निळी पिन माझ्यासमोर होती आणि मी “काय माहीत” म्हणालो होतो. साठीतसुद्धा.

असो. कामाला लागलो. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून हिंडून रॉडचं किट मिळवलं. रॉड, पिन, रोलर आणि बाजूच्या चकत्या. काकांनी मायक्रोमीटर लावून दोन किट परत पाठवली, तिसरं पसंत पडलं. मुलीच्या स्थळासाठी आम्ही इतकं पाहिलं नव्हतं. मग एका वर्कशॉपमध्ये, नाव घेत नाही, क्रँक प्रेस करायला दिली. दुसऱ्या दिवशी तयार. घरी आणून काकांनी ती दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावला आणि हाताने फिरवली. काटा पंधरा शतांश हलला. दोन-तीनच्या वर चालत नाही. म्हणजे दोन्ही फ्लायव्हील एका रेषेत नव्हती. अशी क्रँक बसवली तर गाडी थरथरते आणि नवीन बेअरिंग काही दिवसांत खलास. मी परत गेलो तर उत्तर मिळालं, “चालतंय हो साहेब, एवढं चालतं.”

आपल्याकडच्या निम्म्या बिघाडांचं मूळ या ‘चालतंय’मध्ये आहे.

काका गंभीर झाले. म्हणाले, “पिन पुन्हा काढली तर भोक थोडं सैल होतं. एकदा झालं. आता आणखी एकदाच संधी समजा. याच्या पुढे पिन धरणार नाही. जुना, हात बसलेला माणूस शोधा.” नाना पेठेत विचारत फिरलो. तीन दुकानांत एकच नाव सांगितलं. गॅरेज कधीच बंद झालं आहे, मुलाकडे धनकवडीला राहतात, पण क्रँक अजून बघतात.

तोच मिस्त्री.

तीन आठवडे मी गेलो नाही. क्रँक वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली. सौ. रोज विचारायची, मी रोज कारण सांगायचो. शेवटी एका सकाळी पिशवीत घालून धनकवडीला गेलो. मिस्त्री पंचाहत्तरीच्या पुढचे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण हात जसेच्या तसे, मोठे. मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं नाही. त्यांनी क्रँक हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, “घाई केली कोणीतरी.”

त्यांच्या मुलाचं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. तिथे त्यांनी जे केलं ते मी दोन तास बघत होतो. पिन काढली नाही. क्रँक सेंटरमध्ये लावली, दोन्ही शाफ्टवर दोन डायल. हळू फिरवायची, काटा सगळ्यात वर जाईल तिथे खडूची खूण. मग क्रँक बाहेर काढून एका हातात फ्लायव्हील धरायचं आणि खुणेवर तांब्याच्या हातोडीचा एक ठोका. लोखंडी हातोडी नाही, खड्डा पडतो. परत सेंटरमध्ये, परत काटा. दोन्ही फ्लायव्हील एकमेकांशी पिळली गेली असतील तर कडेवर ठोका. पिनेच्या समोरच्या बाजूला जवळ आली असतील तर मधे पाचर घालून किंचित उघडायची, लांब गेली असतील तर शिकंज्यात दाबायची. पंधराचे नऊ झाले. नवाचे पुन्हा अकरा झाले. मला घाम फुटला. ते हसले, “घाबरू नका. एक बाजू सुधारली की दुसरी बोलते. दोघींचं ऐकायचं.” अकराचे पाच झाले, पाचाचे दोन. मग त्यांनी रॉड वर-खाली करून पाहिला, खेळ शून्य. बाजूला थोडा सरकतो, तेवढी मोकळीक लागतेच, नाहीतर तापतो.

आणि मग जुनी पिन हातात घेऊन त्यांनी विचारलं, “ही कुठल्या गाडीची?”

त्या वेळी मी सांगितलं. नाव, वाडा, वडील, वाई, स्ट्रॉबेरी, सगळं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मुलाने लेथ बंद केलं. मग म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं. तुमची टाकी मी रिकामी केली होती. पेट्रोल निघालं ते पाण्यासारखं स्वच्छ. तेलाचा टिपूस नाही.”

मी विचारलं, “मग वडिलांना का नाही सांगितलं?”

“तुम्ही त्यांच्या शेजारी उभे होता. तोंड असं झालं होतं तुमचं. वाटलं, पोरगा आज ना उद्या सांगेल.” थोडं थांबून म्हणाले, “फॅक्टरीची गिऱ्हाईकं गेली, ते मात्र जड गेलं. वर्षभर ओढाताण झाली. तेव्हा आला असतात तर बरं झालं असतं.”

मंडळी, ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. मला काही बोलता आलं नाही. त्यांनी क्रँकला तेल लावलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि मजुरी सांगितली. मी पाकीट काढून म्हणालो, “तेव्हाच्या बोअर-पिस्टनचे पण घ्या.” मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “साडेतीनशे झाले होते. द्या.” मी बँकेतला माणूस, व्याजाचा हिशेब करायला लागलो, तर हात वर करून म्हणाले, “व्याज तुमच्या बँकेत ठेवा. मुद्दल द्या.” साडेतीनशे रुपये मोजून घेतले आणि वरच्या खिशात ठेवले. नाही म्हणाले असते, तर मी आयुष्यभर देणेकरी राहिलो असतो. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजत होतं.

पुढची हकिकत तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे थोडक्यात. केसिंग आमच्या केकच्या ओव्हनमध्ये गरम केलं आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवली. गरम झालेलं फुगतं, थंड झालेलं आकसतं, मग बेअरिंग ठोकावं लागत नाही, अलगद आत बसतं. श्रीखंडाला ग्रीसचा वास लागला, त्याबद्दल घरात स्वतंत्र सभा झाली. दोन्ही बाजूंची ऑइल सील नवी घातली. ती जुनी ठेवली असती तर क्रँकच्या खोलीत हवा शिरली असती आणि सगळी मेहनत वाया गेली असती. ऑगस्टमध्ये एका रविवारी सकाळी साडेदहाला, काकांनी स्वतः मोजून तेल घातल्यावर, अकराव्या किकला गाडी चालू झाली. धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. बी विंगमधल्या ताईंचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले, त्यांची इथे जाहीर माफी मागतो. त्यांची तक्रार बरोबर होती. टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं आणि तेल जळून धूर होतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या बंद झाल्या, ते योग्यच झालं. मी ती महिन्यातून एकदा, सकाळी लवकर, गेटपर्यंत ढकलत नेऊन बाहेर चालू करतो. कमिटीला तसं लेखी दिलं आहे.

पहिली फेरी कुठे मारली, असं मुलं विचारतात. धनकवडीला. मिस्त्री खाली आले. सीटवर बसले नाहीत. इंजिनच्या केसिंगवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, “क्रँक गप्प आहे. पहिले पाचशे किलोमीटर पळवू नका.” त्यांना आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं होतं. “तिथं माझं काय काम,” म्हणाले. म्हणून त्यांच्या वाटणीचं मी सांगितलं.

आपली सोसायटीसुद्धा अशीच तुकड्यांची आहे. अठ्ठेचाळीस फ्लॅट, अठ्ठेचाळीस मतं. पाण्याची वेळ, पार्किंग, लिफ्टचा खर्च, प्रत्येक सभेत काटा पंधरा शतांश हलतोच. पंचवीस वर्षांत बरेच ठोके बसले, त्यातले काही मीही खाल्ले. पार्किंगचा ठराव हा त्यातलाच एक. तो बसला नसता तर ताडपत्री अजून तशीच राहिली असती आणि त्याखालची माझी उधारीही.

तेव्हा एकच सांगतो आणि थांबतो. कोणाची जुनी उधारी राहिली असेल तर माणूस आहे तोवर फेडून टाका. आणि तरुण मित्रांनो, बाबांची गाडी मागून नेलीत, तर परत आल्यावर खरं सांगा.

घंटा वाजली वाटतं.